पाणी काढणारी डॉक्टरीण

बारामतीजवळच्या पणदरे गावात मी दवाखाना थाटला तेव्हा जागेबरोबर भिंतीतले खिळेही माझ्या वाट्याला आले. भिंतीला लागून लांब बाक मांडलेले आणि प्रत्येक बाकाच्या वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एकेक जाडजूड खिळा. मला वाटलं, आधीच्या डॉक्टरांना देवांच्या तसबिरींची हौस असावी. सोनाबाईंनी माझा गैरसमज दूर केला. या आमच्या गल्लीतल्या आजी. आल्या, बाकावर आडव्या झाल्या, पदर सारखा केला, एक हात लांब केला आणि दुसऱ्या हाताने खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लावा."

"काय लावू?"

"बाटली वो! सलाईन!"

"आजी, आधी काय होतंय ते सांगा की."

"आधी बाटली लावा. मंग पडल्या पडल्या समदं सांगती."

वीसेक वर्षं डॉक्टरकी करून झाल्यावर आज सांगते, वैद्यकीय महाविद्यालयात मला जे शिकवलं त्याच्या नेमकं उलटं सोनाबाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं. आम्हाला शिकवलं होतं की आधी विचारा, मग तपासा, मग उपचार करा. इथे गाडी शेवटच्या स्टेशनावरून सुटत होती.

बाहेरच्या माणसांसाठी जरा उलगडून सांगते. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, शुद्ध केलेलं आणि मापात मीठ घातलेलं. जुलाब-उलट्यांनी ज्याचं अंग सुकलं आहे, ज्याच्या पोटात घोटभर पाणी टिकत नाही, त्याला ते अक्षरशः जीव देतं. पण जो माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला, वाटेत टपरीवर चहा पिऊन आला, त्याला ते शिरेतून देण्यात काहीही अर्थ नसतो. एवढं पाणी आणि मीठ त्याला घरच्या ताकातून मिळतं. बाटलीत जीवनसत्त्वाचं पिवळं इंजेक्शन सोडलं की पाण्याला रंग येतो आणि तो रंग पाहून पेशंटला ताकद आल्यासारखी वाटते. तासभर पडून राहायला मिळतं, कुणी काम सांगत नाही, घरचे उशाशी बसतात. हे सुख बाटलीचं नसतं, विश्रांतीचं असतं, पण श्रेय बाटलीला मिळतं.

लोकांना मी नावं ठेवणार नाही. आमचा सगळा मुलूख कालव्याच्या पाण्यावर जगतो. उन्हात उसाने माना टाकल्या आणि पाण्याची पाळी आली, की सकाळी दार धरून सरीत पाणी सोडावं आणि संध्याकाळी ऊस ताठ उभा दिसावा, हे इथे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं. मग माणसाने मान टाकली तर त्यालाही पाणीच सोडायचं, यात त्यांचं काय चुकलं? चूक आम्हा डॉक्टरांची. आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही खिळे ठोकले. सल्ल्याला इथे कुणी पैसे देत नाही, बाटलीला देतात, आणि वर दुवाही देतात.

मी ठरवलं, गरज असेल त्यालाच बाटली. गरज नसेल त्याला नाही म्हणजे नाही. माझा स्वभाव तसा तापट. त्यामुळे हे 'नाही' फार गोड आवाजात निघत नसे.

एकदा दोन सख्ख्या जावा आल्या. थोरलीला खरंच जुलाब होऊन पार गळाठा झाला होता, तिला मी बाटली लावली. धाकटी ठणठणीत. ती थोरलीच्या बाटलीकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. शेवटी न राहवून म्हणाली, "मॅडम, मलाबी एक लावा. लहानी का असंना, पर लावा. न्हायतर घरी म्हणतील, हिला काय झालंय, कर म्हणावं भाकरी." मी तिला बाटली लावली नाही, पण तिच्या सासूला बोलावून सांगितलं की या दोघींनी आज स्वयंपाक करायचा नाही. धाकटी माझी जन्माची मैत्रीण झाली.

पण सगळेच असे निघाले नाहीत. "बाईच्या हाताला गुण न्हाय" असं गावात बोललं जाऊ लागलं. डॉक्टरबद्दल याहून वाईट काही बोलता येत नाही. माझे बाक रिकामे पडू लागले आणि कालव्यापलीकडच्या गावात डॉक्टर शेंड्यांच्या दारात मोटारसायकली मावेनाशा झाल्या. शेंडे माणूस वाईट नव्हते. हसतमुख होते, कुणाला 'नाही' म्हणत नसत. माझ्याकडे दोन कामं होती, बसून राहणं आणि शाहीनशी गप्पा मारणं. शाहीन माझी मदतनीस, गावातल्या बांगडीवाल्यांची सून, हुशार आणि जिभेने माझ्याइतकीच तिखट. "मॅडम," ती म्हणे, "ह्या खिळ्यांना आता बांगड्या टांगू का? धंदा तरी व्हईल."

अशा दिवसांत माझ्याकडे टिकून राहिलेले एक पेशंट म्हणजे किसनतात्या. पांढऱ्या मिशा, कडक टोपी, शब्दाला गावात वजन. तपासून झालं तरी ते बाकावरून उठत नसत, कारण त्यांना श्रोते लागत. त्यांची आवडती कथा एकच. कालव्याला लागून असलेली त्यांची जमीन चोपण झाली होती, म्हणजे पाण्याच्या अतिरेकाने मीठ फुटून वर आलं होतं आणि ऊस पिवळा पडून मरत होता. भाऊबंद म्हणाले, आणखी पाणी द्या. तात्यांनी कुणाचं ऐकलं नाही. शेतात खोल चर खणले, साचलेलं पाणी ओढ्याला काढून दिलं, आणि दोन-तीन हंगामांत त्याच जमिनीत पुन्हा ऊस उभा केला. ही कथा मी इतक्यांदा ऐकली होती की चराची खोली मला तोंडपाठ होती.

त्या वर्षी तात्यांच्या नातीचं, प्रणालीचं लग्न ठरलं. मुलगा लोणी देवकरच्या एका कंपनीत नोकरीला, लग्न इंदापूरच्या कार्यालयात. लग्न अगदी तोंडावर आलं असताना तात्या मुलाला, बाळासाहेबांना घेऊन आले. दारातून बाकापर्यंत येतानाच त्यांना धाप लागली होती.

"बाई, लई अशक्तपणा आलाय," ते म्हणाले. "नातीच्या लग्नात कार्यालयाच्या दारात मी हुभा ऱ्हाणार हाय. एकेका पाव्हण्याला माझ्या हातानं फेटा बांधणार हाय. पोरीला शब्द दिलाय. तवा ताकदीच्या चार बाटल्या लावून टाका."

मी तपासलं. दोन्ही पाय सुजलेले. छातीला नळी लावली तर खाली बारीक चुरचुर. झोप कशी लागते विचारलं, तर बाळासाहेब म्हणाले, आडवं झालं की दम लागतो म्हणून तात्या भिंतीला टेकून बसूनच झोपतात. तात्यांचं हृदय थकलं होतं. ते पाणी पुढे ढकलू शकत नव्हतं, म्हणून ते पायांत आणि फुप्फुसांत साचत होतं. अशा माणसाला बाटली लावणं म्हणजे बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजणं.

मी ते त्यांना सांगितलं, पण कसं सांगितलं? घाबरून, घाईघाईने, पुस्तकातल्या शब्दांत. हृदय कमजोर, फुप्फुसात द्रव, तपासणीसाठी बारामतीला चला, सलाईन अजिबात नाही.

तात्यांना फक्त शेवटचे शब्द ऐकू गेले.

"आजवर दुसऱ्यांना न्हाय म्हनत व्हता, मी ऐकून घेतलं," ते उठत म्हणाले. "आज मलाबी? मी लग्न सोडून बारामतीच्या दवाखान्यात पडू व्हय?"

"चला तात्या," बाळासाहेब म्हणाले. "शेंडे डॉक्टर देत्यात की. कशाला हितं डोकं फोडायचं?"

त्यांची जीप निघून गेली. मी खुर्चीत बसून राहिले. शाहीन हळूच म्हणाली, "मॅडम, नुसती टांगायची व्हती बाटली. थेंब बंद ठिवायचा. तात्या खूश, आन अंगातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन त्याच सुईतनं दिलं असतं. कुणाला कळलं असतं?"

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. क्षणभरच, पण पटलं. तात्या त्या दिवशी बरे झाले असते. पण मग गावभर सांगत फिरले असते की बाटलीने बरं वाटलं, आणि पुढच्या वेळी दम लागला की जिथे मिळेल तिथे बाटली लावून घेतली असती, थेंब चालू असलेली. माझ्या थापेने त्यांना पुढच्या वेळी मारलं असतं.

आणि दुसरी गोष्ट तेव्हाच लख्ख कळली. मी 'नाही' म्हणून मोकळी झाले होते. तत्त्व सांभाळलं, हात स्वच्छ राहिले. आणि तात्या? ते त्याच बाटलीखाली झोपायला निघाले होते, फक्त खिळा दुसऱ्याच्या भिंतीतला. नुसतं 'नाही' म्हणून पेशंटला वाटेला लावणं हा सोवळेपणा झाला, डॉक्टरकी नव्हे.

शेंड्यांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. मी स्कूटर काढली. बाकावर खोकणारे बसले होते, त्यांना शाहीनवर सोडलं आणि कालव्याचा रस्ता धरला.

आमच्या धंद्यात एक अलिखित रिवाज आहे. दुसऱ्या डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीत बोलावल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. पेशंट तुम्हाला सोडून गेला तर मुकाट गिळायचं. त्याच्या मागे धावत जाणारा डॉक्टर म्हणजे गिऱ्हाईक ओढायला निघालेला एजंट. हे सगळं मला ठाऊक होतं. शेंड्यांच्या दवाखान्यातली गर्दी माझ्याकडे पाहत बाजूला झाली आणि मी थेट आत शिरले.

तात्या खाटेवर पडले होते. हातात सुई गेली होती, खिळ्याला बाटली होती, आणि शेंडे थेंब सोडायच्या बेतात होते.

"सोडू नका!" मी ओरडले.

"मॅडम," शेंड्यांचा चेहरा लाल झाला, "हा माझा पेशंट आहे."

"आता आमच्या मागं मागं हितंबी आलात?" बाळासाहेब अंगावर आले. "आमच्या म्हाताऱ्यावर मालकी हाय का तुमची?"

मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं. मी खाटेशी बसले, तात्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत सरकवलं आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"तात्या, कालव्याकडच्या तुमच्या शेतात ऊस पिवळा पडला होता, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

तात्या रागाने माझ्याकडे पाहत होते, पण विषय त्यांचा होता. "चर काढलं," ते गुरगुरले. "गावाला म्हायती हाय."

"भाऊबंद पाणी द्या म्हणत होते. का नाही दिलंत?"

"पाणी द्यायला मी येडा हाय व्हय? पाण्यानंच मरत व्हता त्यो. मुळ्या कुजल्या व्हत्या. वरनं दिसतंय सुकल्यागत, आन खाली..."

ते थांबले. नजर स्वतःच्या पायाकडे गेली. खड्डा अजून भरला नव्हता. त्यांनी स्वतःचा अंगठा शेजारी दाबला. दुसरा खड्डा पडला.

"ह्ये पाय..." आवाज एकदम खाली आला. "चोपण झालं व्हय, बाई?"

"पाय झालेत. छातीतही ओल पोचलीय, म्हणून आडवं झालं की दम लागतो. आता तुम्हीच सांगा तात्या, वर टांगलंय ते मिठाचं पाणी आहे. सोडू द्या म्हणाल, तर मी जाते."

तात्या वर बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि शेंड्यांना म्हणाले, "डॉक्टर, उतरवा ती. चर काढा."

शेंड्यांनी नळी कानाला लावली. तात्यांना बसवून पाठीला चारी बाजूंनी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. नळी गळ्यात टाकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता.

"मी तपासलंच नव्हतं," ते सर्वांसमोर म्हणाले. "आले, सलाईन मागितली, मी लावली." आणि बाटली स्वतःच्या हाताने खिळ्यावरून खाली काढली. माझ्या सबंध कारकिर्दीत एखाद्या डॉक्टरला इतकं मोठं होताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. सुई हातात होतीच, तिच्यातून त्यांनी लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, खुर्चीत टेकवून बसवलं आणि आपल्या गाडीत घालून तात्यांना बारामतीला न्यायला निघाले. मी मागच्या सीटवर बसले. वाटेत तात्यांसाठी गाडी इतक्यांदा थांबवावी लागली, की शेवटी तेच हसायला लागले. "चर वाहतोय," म्हणाले.

बारामतीच्या खासगी रुग्णालयात आम्ही पोचलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सवयीने विचारलं, "सर, पेशंट कुणाच्या नावावर लावू? तुमच्या की मॅडमच्या?" अजाण वाचकांसाठी सांगते, हा साधा प्रश्न नसतो. ज्या डॉक्टरच्या नावावर पेशंट लागतो, त्याच्याकडे बिलातला काही वाटा मागच्या दाराने पोचतो, आणि तो पेशंटच्याच खिशातून निघालेला असतो. मी तोंड उघडायच्या आत शेंडे म्हणाले, "पेशंटच्याच नावावर लावा. आमचा वाटा त्यांच्या बिलातून कमी करा." पोरगा गोंधळून आत विचारायला गेला. बिल खरोखर कमी झालं. त्या दिवशी मला शेंड्यांना कडकडून मिठी मारावीशी वाटली, पण बारामतीत तशी पद्धत नाही.

तात्या तिथून औषधं, कमी मिठाचं जेवण आणि पाणी मोजून प्यायचा हुकूम घेऊन घरी आले. सूज उतरली. रात्री आडवं पडून झोप लागायला लागली, हे सांगताना या करारी माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्ये पाणी चालंल ना बाई?" त्यांनीच विचारलं.

लग्नाला मी आणि शाहीन गेलो. मनात धाकधूक होती. कार्यालयाच्या दारात पाहिलं, तर तात्या उभे! नवं धोतर, मिशांना पीळ, बाजूला फेट्यांची चळत. दमले की खुर्चीवर टेकत होते, पुन्हा उठत होते, पण एकाही पाहुण्याला दुसऱ्याच्या हातचा फेटा मिळाला नाही. मला पाहताच त्यांनी हातातलं काम टाकलं आणि सगळ्यांदेखत धोतर वर सरकवून नडगी पुढे केली.

"दाबून बघा! ओ पाव्हणं, तुमीबी दाबा! पडतोय का खड्डा?"

नवरदेवाच्या मामांनी दाबून पाहिलं. चुलत्यांनी पाहिलं. लोणी देवकरच्या कंपनीतल्या एका साहेबांनीही पाहिलं. खड्डा पडत नव्हता. मग तात्यांनी चळतीतला सगळ्यात भारी भगवा फेटा उचलला. मी नको नको म्हणत असताना माझ्या डोक्याला तो बांधला. नंतर शेंड्यांना हाताला धरून ओढून आणलं आणि त्यांनाही बांधला.

"ऐका रं समदी!" त्यांचा आवाज मांडवभर गेला. "ह्या बाईंनी मला न्हाय म्हटलं, म्हणून मी आज हितं हुभा हाय. आन ह्या डॉक्टरांनी लावलेली बाटली काढली. लावणारं पैशाला पासरी मिळत्याल. काढणारं हुडकून आणा!"

टाळ्या पडल्या. मी रडले. लपवायचं कशाला? दवाखान्यातली कितीतरी रिकामी वर्षं त्या एका फेट्यात भरून निघाली.

सगळा मुलूख सुधारला असं मी म्हणणार नाही. माझ्यावर रागावून गेलेले कित्येक जण पुन्हा आलेच नाहीत, त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि याची खंत आहे. पण शेंड्यांनी आपल्या भिंतीतले निम्मे खिळे उपटले आणि राहिलेले ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ठेवले. आम्ही एकमेकांना पेशंट पाठवू लागलो, कुणाच्याच नावावर न लावता. आणि तात्या दर बाजाराच्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसू लागले. कुणी "बाटली" म्हणालं, की माझ्याआधी तेच त्याला नडगी दाबायला लावत.

लग्नाहून परतल्यावर फेटा कुठे ठेवायचा हा प्रश्न शाहीनने सोडवला. स्टुलावर चढली आणि पहिल्या बाकावरच्या खिळ्याला तो टांगून मोकळी झाली.

त्यानंतर काही दिवसांनी सोनाबाई आल्या. बऱ्याच दिवसांनी आल्या होत्या. नेहमीच्या बाकावर आडव्या झाल्या, पदर सारखा केला, एक हात लांब केला, दुसऱ्या हाताचं बोट खिळ्याकडे उचललं, आणि बोट तिथेच थांबलं. वर भगवा फेटा लोंबत होता.

"ह्यो किसनाचा फेटा का?" त्यांनी विचारलं. सगळी हकीकत त्यांच्या कानावर गेली असावी.

"हो."

सोनाबाईंनी लांब केलेला हात मागे घेतला, कमरेवर हात ठेवून उठून बसल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाल्या, "बरं, मंग तपासा."